बॅनरमधून कापलेली पाठ

जबाब

नाव : ओळखपत्रावरून तुमच्या वहीत उतरवून घेतलं आहे. सगळे मला शिवणवाली म्हणतात, पुढे तेच लिहावं.
वय : चौपन्न पूर्ण.
धंदा : शिवणकाम, स्वतःचं दुकान, राहत्या घरातच.
राहणार : बस डेपोच्या मागची गल्ली, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा मजला.
जबाबाची वेळ : रविवार, एकोणतीस तारीख, संध्याकाळी सहा चाळीस.

मी माझ्या पायांनी ठाण्यात आले आहे, पूर्ण शुद्धीत आहे आणि मला कुणी पढवलेलं नाही. समोर बसलेल्या हवालदारसाहेबांनी विचारलं, म्हणून सांगते ते असं.

आज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, वाचनालयाच्या वरच्या सभागृहात आमच्या संस्थेची निषेध सभा चालू असताना, व्यासपीठामागे लावलेला कापडी बॅनर मी कात्रीने कापला. बॅनर दहा फूट रुंद, सहा फूट उंच. त्यातला मधला तुकडा, तीन फूट बाय अडीच फूट, मी काढून घेतला. तो या टेबलावर घडी करून ठेवला आहे. माझ्यावरच्या तक्रारीत ‘फाडला’ असं लिहिलंय. मी फाडलेला नाही. तीस वर्षं कापडात हात आहेत माझे, मी कापड फाडत नसते. कापला आहे, सरळ रेषेत. कडा बघून घ्या.

कात्री कुणावर उगारली का, असं विचारल्यावरून सांगते की, नाही. एक स्वयंसेवक मला खाली ओढायला म्हणून माझ्याच स्टुलावर चढला. ते स्टूल एका माणसाचं. दोघं चढल्यावर जे व्हायचं तेच झालं. त्याचं कोपर खरचटलं. कात्री मी तोवर मिटून धरली होती, कारण उघडी कात्री घेऊन पडायला मी काही खुळी नाही. तो पडल्यावर “लागलं का रे?” असं सगळ्यांत आधी मीच विचारलं. तक्रारीत हे नाही.

रागाच्या भरात केलं का, असं विचारल्यावरून सांगते की, राग होता, आत्ताही आहे, आणि घरी गेल्यावरही राहील. पण भरात नाही. कुठून कुठवर कापायचं ते मी खाली उभी राहून ठरवलं, मगच वर चढले. का कापला ते सांगायचं तर मला तीन तारखेपासून सुरुवात करावी लागेल. हवालदारसाहेब म्हणाले, “बाई, आजचं बोला. तीन तारखेचं इथं काय काम?” मी म्हटलं, मग राहू द्या कागद कोरा. त्यावर त्यांनी पाणी मागवलं आणि पेन उचललं.

आमची संस्था म्हणजे पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, ट्रान्स बायका, ट्रान्स पुरुष, अशा सगळ्यांची. निदान पाटीवर तरी सगळ्यांची. मी सोळा वर्षं सभासद आहे. मी आणि माझी जोडीदारीण एकाच दिवशी सभासद झालो. ती सहा वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली. संस्थेचे झेंडे, मोर्चाचे पट्टे, बॅनरच्या कडा, सगळं माझ्या मशीनवर होतं. आजवर कुणाला धाग्याचं टोक सुटलेलं सापडलेलं नाही.

जिच्या पायी हे सगळं झालं ती माझ्याकडे राहते. वय अडतीस. उंची सहा फूट, म्हणून माझ्या जोडीदारणीनं तिचं नाव चिमणी ठेवलं. ती ट्रान्स बाई आहे. तयार कपडे तिच्या खांद्यांना होत नाहीत, म्हणून अकरा वर्षांपूर्वी ब्लाउज शिवायला आली आणि राहिलीच. सकाळी माझ्याकडे काज-बटण आणि तुरपाई करते. दुपारी धंदा करते. कोणता धंदा असं साहेबांनी विचारलं नाही, नुसतं मान वर करून बघितलं. तोच. लिहा. माझी जोडीदारीण अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिला उचलून संडासला नेणारी, तिचे केस विंचरणारी, तिच्या ओकाऱ्या काढणारी हीच. माझे सख्खे भाऊ गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा फिरकले नाहीत. हे लिहायची गरज नाही असं साहेब म्हणतात. मला आहे.

तीन तारखेला, मंगळवारी, दुपारी पावणेचारच्या सुमारास चिमणीला भाजी मंडईमागच्या गाड्या लावायच्या मैदानात मारहाण झाली. मी तिथे नव्हते. चिमणीनं सांगितलं तेच सांगते. ती माझ्याशी खोटं बोलत नाही. म्हणजे बोलते, पण साखर कुणी संपवली असल्या बाबतीत. राखाडी रंगाची गाडी होती, आत तीन माणसं. एकानं हाक मारली. ती जवळ गेल्यावर दोघं उतरले, तिला बॉनेटवर पालथी दाबून धरली, आणि तिसऱ्यानं गाडीतली जाड वायर काढली. ते काही मागत नव्हते. भांडणही नव्हतं. हसत होते. तिनं पाठ वाचवायला उजवा हात मागे नेला, त्यात दोन बोटं मोडली. फोन चाकाखाली घातला. मैदानात तेव्हा चाळीसेक माणसं होती. दोघा-तिघांनी म्हणे फोन वर धरून चित्रण केलं. पुढे आला तो एकटा कांद्या-बटाट्याचा हातगाडीवाला, आणि तोवर ते निघून गेले होते.

चिमणी पडल्या पडल्या गाडीचा नंबर मोठ्यानं म्हणत राहिली, विसरू नये म्हणून. हातगाडीवाल्यानं तो वजनकाट्यावर खडूनं लिहिला. त्यानंच तिला गाडीवर घालून चार चाळीसला घरी आणलं. मी संस्थेच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. दहा मिनिटांत संस्थेची एक मुलगी स्कूटरवर आली. तिला फोटोवाली म्हणतात, कार्यक्रमांचे फोटो तीच काढते. ती म्हणाली, नियम असा आहे की पट्टी बांधायच्या आधी फोटो काढायचे, पुढे उपयोगी पडतात. तिनं बारा फोटो काढले. दर फोटोला ती तोंड फिरवायची, तेव्हा चिमणी पालथी पडूनच तिला म्हणाली, “अगं, घाबरू नकोस. फक्त माझी चांगली बाजू घे.” माझा फोन बटणांचा आहे, त्यावर फोटो निघत नाहीत.

मग दवाखाना. तिथं पाऊण तास नुसता वाद, हिला ठेवायची कुठे. बायकांच्या वॉर्डातली नर्स म्हणाली, इकडे नको. पुरुषांच्या वॉर्डातला ब्रदर म्हणाला, इकडे तर नकोच नको. शेवटी जिन्याखालच्या बाकावर पट्ट्या बांधल्या, बोटांना लाकडी फळी बांधली आणि घरी पाठवलं. कागदावर लिहिलं, ‘पडल्याने इजा’. मी डॉक्टरांना विचारलं, माणूस पाठीवर सात वेळा कसा पडतो हो? ते म्हणाले, “मावशी, बाहेर थांबा.”

चार तारखेला सकाळी अकरा वाजता मी इथं आले. याच टेबलापाशी. तेव्हा चष्मेवाले साहेब होते. ते म्हणाले, “यांचं आपसातलंच असतं. गिऱ्हाइकाशी काही फाटलं असेल.” मी गाडीचा नंबर दिला. त्यांनी तो एका सुट्या चिठोऱ्यावर लिहिला आणि चिठोरं पेपरवेटखाली ठेवलं. मग दवाखान्याचा कागद बघून म्हणाले, “इथं तर पडली असं आहे. मारल्याला पुरावा काय?” मी माझी मापाची वही पुढे केली. पट्ट्यांवरून घालता येईल असा सैल ब्लाउज मला शिवायचा होता, आणि कुठल्याही वळावर शिवण येऊन चालणार नव्हती. म्हणून मी प्रत्येक वळ फितीनं मोजून, खांद्यापासून किती इंचावर, कुठून कुठवर, सगळं वहीत लिहिलं होतं. साहेब हसले. म्हणाले, “शिंपिणीची वही पुरावा होत नसते. फोटो आहे का?” मी म्हटलं, आहे, आणते. त्यांनी नोंदवहीत ‘आपसातील वाद’ असं लिहून मला वाटेला लावलं.

त्याच दुपारी फोटोवालीला विचारलं. ती म्हणाली, फोटो सचिवांकडे दिले. आपल्या फोनवरून पुसून टाकायचे असा नियम आहे. सचिव म्हणजे ज्यांनी आज माझ्यावर तक्रार केली ते. संस्थेत सगळे त्यांना सर म्हणतात. पाच तारखेला मी कार्यालयात गेले. सर म्हणाले, “हो हो, आहेत, देतो ना.” सात तारखेला सर बैठकीत होते. नऊ तारखेला म्हणाले, “फोन बिघडला. सगळं गेलं बघा.” मी म्हटलं, सर, निदान तुम्ही माझ्याबरोबर ठाण्यात चला, तुमच्या शब्दाला वजन आहे. त्यावर त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, आणि अगदी प्रेमानं समजावलं. “ताई, आपण मोठ्या कष्टानं लोकांची सहानुभूती मिळवली आहे. उद्या आपण धंद्यातली भांडणं उचलायला लागलो, तर लोक म्हणतील, हे असलेच. केस कशी स्वच्छ हवी.” मी म्हटलं, सर, पाठीची सालटी निघालेली केस स्वच्छ कशी असेल? ते म्हणाले, “तुम्ही भावनिक होताय.”

संस्थेचीही एक तक्रारवही आहे. निघताना मी ती उलटी वाचली, शिवणवालीला उलटं बघायची सवय असते. चिमणीच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘आपसातील वाद’. साहेब, तुम्ही आणि ते एरवी एकमेकांचं तोंड बघत नाही. दर वर्षी मोर्चाच्या परवानगीवरून तुमची जुंपते. आणि इथं बघा कसं एकमत! शब्द न् शब्द तोच. दोन्ही वह्या एकाच माणसानं भरल्यात असं वाटावं.

सर म्हणाले होते, एकदा भेटायला येतो. आले नाहीत. कुणीच आलं नाही. फोटोवाली दोनदा आली, फळं घेऊन, खाली मान घालून बसली आणि गेली. बारा तारखेला संध्याकाळी पाच वाजता ती राखाडी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. नंबर तोच. मी वरून पाहिला, माझ्या डोळ्यांनी. अठरा तारखेला परत. दोन्ही वेळा आतला माणूस काच खाली करून नुसता बसून होता, वीस-पंचवीस मिनिटं. तेव्हापासून चिमणी खिडकी उघडू देत नाही. सायकलवाल्यानं टायरमध्ये हवा भरली तरी दचकते. तिची बोटं सुई धरत नाहीत. मी दोन्ही वेळा ठाण्यात फोन केला. “गाडी उभी करणं हा गुन्हा नाही,” असं उत्तर मिळालं. म्हणजे तिसऱ्यांदा ते गाडीतून उतरतील, तोवर मी वाट बघायची, असंच ना?

एकवीस तारखेच्या प्रकाराबद्दल विचारल्यावरून सांगते की, शनिवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या संस्थेतला दाताचा डॉक्टर आणि त्याचा मित्र कॉफीच्या दुकानातून हातात हात घालून बाहेर पडले. रस्त्यात दोन माणसांनी त्यांना अडवून डॉक्टरला मारलं. जबडा मोडला. हे फार वाईट झालं. मुलगा गुणी आहे. चिमणीची अक्कलदाढ त्यानंच काढली होती आणि वर चार दिवस फोन करून विचारायचा, सूज उतरली का म्हणून. त्याला मारणाऱ्यांचे हात झडोत. बावीस तारखेला मी स्वतः चौकात मेणबत्ती घेऊन उभी होते. माझं त्याच्याशी काही वाकडं नाही, हे ठळक लिहा. उद्या कुणी म्हणायला नको की बाई त्या पोरावर जळते.

पण आठच्या आत सर दवाखान्यात पोचले होते. नऊला तुमचे मोठे साहेब पोचले. दुसऱ्या दिवशी चौकात दोनशे माणसं, तीन कॅमेरे. सोमवारी दोघांना अटक. उत्तम झालं. असंच व्हायला पाहिजे. एवढं सगळं येतं ना तुम्हाला? त्यांनाही येतं ना? मग तीन तारखेला काय हात मोडले होते सगळ्यांचे? दोन्हीकडची माणसं एकच का, असं साहेबांनी विचारलं. मला माहीत नाही, मी पाहिलेलं नाही, म्हणून सांगणार नाही. नंबर चार तारखेपासून तुमच्या पेपरवेटखाली आहे. काढून बघा.

आता बॅनर. शुक्रवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी संस्थेकडून गुंडाळी आली, कडा दुमडायला आणि वर काठी घालायला नेफा शिवायला. छापील कापड मी नेहमी छपाई आत ठेवूनच शिवते. बोटांचं तेल लागलं की रंगावर डाग पडतो. म्हणून गुंडाळी पूर्ण उलगडायचीच नाही, कडेकडेनं सोडत जायचं आणि उलट्या बाजूनं टीप मारत यायचं. कडेला चहूबाजूंनी वीतभर काळा पट्टा होता, तेवढाच मला दिसला. आत काय छापलंय ते मी बघितलं नाही. इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. चिमणी मशीनशेजारच्या खाटेवर पालथी पडली होती. तिनं विचारलं, “कसलं काम गं?” म्हटलं, डॉक्टरच्या सभेचा बॅनर. ती म्हणाली, “टीप दुहेरी घाल हो. बिचाऱ्याचा जबडा मोडलाय.” मी दुहेरी घातली.

आज चार वाजता सभा सुरू झाली. मी तिसऱ्या रांगेत होते. कात्री माझ्या पिशवीत असतेच. बॅनरचा नेफा काठीला घट्ट झाला तर ऐनवेळी उसवावा लागतो, म्हणून मी सभांना ती घेऊनच जाते. सर बोलायला उभे राहिले आणि दोघांनी मागची दोरी सोडली. बॅनर उलगडला.

ती चिमणीची पाठ होती.

कशावरून, असं विचारल्यावरून सांगते की, तोंड कापून टाकलं होतं, मानेपासून खाली कमरेपर्यंत फोटो होता. ब्लाउज पाठीवर उघडा. पण डाव्या बगलेत पतंगाच्या आकाराचा एक पिवळा तुकडा दिसतो. चिमणीच्या खांद्यांमुळे तिच्या प्रत्येक ब्लाउजला मी बगलेत असा तुकडा जोडते, नाहीतर हात वर केला की शिवण उसवते. त्या निळ्या ब्लाउजला कापड पुरलं नाही, म्हणून संस्थेच्याच झेंड्यातून उरलेलं पिवळं लावलं होतं. तिला आवडलं होतं. या गावात तसला तुकडा दुसऱ्या कुणाच्या बगलेत नाही. घडी उलगडून बघा, साहेब. वरच्या कोपऱ्यात आहे.

फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ही पाठ आपल्या सगळ्यांची आहे’. सगळ्यांची! सव्वीस दिवस ती माझ्या घरात पालथी पडली होती, तेव्हा कुणाची होती? पट्टी बदलताना ओरडू नये म्हणून उशी दातात धरायची, तेव्हा कुणाची होती? जिना चढून यायला एकाचाही पाय उचलला नाही. माझ्या शेजारची बाई, मी तिला दहा वर्षं ओळखते, डोळे पुसत म्हणाली, “काय मारलंय गं त्या डॉक्टरला.” मी तिला म्हटलं, डॉक्टरच्या पाठीला ओरखडासुद्धा नाही. ही माझ्या घरची आहे. तिला वाटलं मी काहीतरीच बोलते.

मी उभी राहिले आणि विचारलं, “सर, ही पाठ कुणाची?” सरांनी मला ओळखलं. तोंड एवढंसं झालं, पण क्षणभरच. मग माइकमधून म्हणाले, “ताई, हाच तर आपला मुद्दा आहे. ही पाठ कुणा एकाची नाही.” आणि टाळ्या पडल्या. साहेब, टाळ्या पडल्या. त्यानंतर मी पिशवीतून कात्री काढली.

स्टूल कुणी आणून दिलं आणि ते कुणी धरलं, असं विचारल्यावरून सांगते की, मी पाहिलं नाही. मी वर बघत होते, मला कापड दिसत होतं. फोटोवाली सभागृहात होती का, हेही मला आठवत नाही. माझं वय झालंय.

कापून त्याचं काय करणार होते, असं विचारल्यावरून सांगते की, इथंच आणणार होते. कुणी मला धरून आणलेलं नाही. सभागृहातून मी तडक ठाण्यात आले, सर माझ्यामागून रिक्षानं आले. चार तारखेला या टेबलावर मला विचारलं होतं, फोटो आहे का? आहे. हा घ्या. थोडा मोठा आहे एवढंच.

सात वाजून दहा मिनिटांनी, जबाब चालू असताना, सचिव आत आले. मोठे साहेबही आले. मोठे साहेब म्हणाले, “मावशी, मिटवून टाका. तुम्ही एकाच घरातले.” सर म्हणाले, “ताई, घरातलं चव्हाट्यावर कशाला? तुकडा द्या, माफीच्या दोन ओळी लिहा, मी तक्रार मागे घेतो. चिमणीचंही पुढच्या महिन्यात बघू.” मी विचारलं, फोटो गेले होते ना? ते म्हणाले, पंचवीस तारखेला दुसरीकडे जपलेले सापडले. सापडल्यावर कुणाला सांगितलंत? त्यावर त्यांनी चष्मा पुसला. डॉक्टरच्या आईनं मुलाचा फोटो वापरू दिला नाही, म्हणून हा वापरला, असंही ते म्हणाले. डॉक्टरच्या आईला विचारलं होतं. मोठ्या साहेबांसमोर बोलले आहेत, लिहून घ्यावं. चिमणीला विचारायचं कुणाला सुचलंसुद्धा नाही. ती काय, बोलून चालून पाठ.

तडजोड मला मान्य नाही. मी तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या पावत्या फाडते, कागदाचं मला कळतं. तक्रार मागे घेतली की तुकडा परत जाणार आणि तुमच्या वहीत काहीच उरणार नाही. तक्रार राहिली, तर हे कापड मुद्देमाल होतं. मुद्देमालाचा पंचनामा करावा लागतो. कापडावर काय दिसतं ते दोन पंचांसमोर लिहावं लागतं, खाली तुमचा शिक्का मारावा लागतो, आणि फोटो कुणाचा, कुणी काढला, कधी काढला, हे कोर्टात कुणीतरी विचारतंच. चिमणीला मारलं हे सरकारी कागदावर लिहून घ्यायचा दुसरा रस्ता तुम्ही दोघांनी मिळून ठेवलेला नाही. म्हणून मला माझ्यावर गुन्हा हवा आहे. नोंदवा. यावर सर म्हणाले, ठीक आहे, माफी नको, तुकडाही ठेवा, मी बिनशर्त मागे घेतो. तर मी सगळ्यांसमोर सांगते की, मागे घेतली तर पुढच्या रविवारी उरलेला बॅनर कापीन, त्याच्या पुढच्या रविवारी संस्थेची पाटी. हवालदारसाहेबांनी विचारलं, “हे लिहू?” लिहा. ठळक लिहा.

मुद्देमालाचं वर्णन मी सांगते, ते असं. पालथ्या बाईची पाठ. वळ सात. पाच तिरके, उजव्या खांद्याकडून डाव्या कमरेकडे. दोन आडवे. तिसऱ्या आणि चौथ्या वळावर कातडी फुटलेली. सर्वांत लांब वळ बॅनरवर दोन फुटांचा दिसतो. प्रत्यक्षात सव्वा तेरा इंच, मापाच्या वहीचं पान सोबत जोडलं आहे. उजवा हात मागे आलेला, त्याची दोन बोटं उलट्या दिशेला. हवालदारसाहेबांनी हे लिहिताना कापड उलगडून दिव्याखाली धरलं आणि वळ स्वतः मोजले. उठून पेपरवेट उचलून बघितलं. खाली चिठोरं नव्हतं. मी नंबर परत सांगितला, तो त्यांनी या जबाबाच्या समासात लिहिला आहे.

हा जबाब मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. तीन तारखेच्या मजकुरात ‘किरकोळ मारहाण’ असं आलं होतं. मी तसं म्हटलं नव्हतं. ‘किरकोळ’ हा शब्द मी खोडायला लावला आहे आणि खोडलेल्या जागी सही केली आहे. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे आणि खरं आहे. आता खाली सही करते.